सेंधव्याचं पाणी

१९ जानेवारी, रविवार. फैजपूर.

आज कामिनीने फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, पाणी पिणार असाल तर या. नाहीतर येऊ नका." एवढं बोलून म्हणाली, आईकडे फोन द्या. मी फक्त विचारलं होतं, की पुढच्या महिन्यात सेंधव्याला एक चक्कर मारू का. त्यात माझं काय चुकलं?

हे वहीत लिहितोय, कारण आमची मंडळी, मंदाबाई, या विषयावर माझ्याशी बोलायला तयार नाही. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म गेला. कोणती गाडी आली, कोणती गेली, कोणती वाटेत बसली, हे रोज लिहायची सवय. निवृत्तीनंतर गाड्या राहिल्या नाहीत, हात मात्र शिवशिवतो.

तर पाण्याचं असं आहे, की आमच्या घराण्यात मुलीच्या सासरी पाणी पीत नाहीत. तिला मूल झालं की बंधन सुटतं. तोवर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. आजोबांनी पाळलं, वडिलांनी पाळलं. मुलीच्या घरावर आपला भार पडू नये, एवढाच त्याचा अर्थ. कामिनी आमची एकुलती एक. लग्नाला चार वर्षं झाली. जावईबापू हितेंद्र सेंधव्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतात, माणूस शांत आणि चांगला. मी आणि मंदाबाई अधूनमधून जातो, ओसरीवर बसतो, कापूस काय म्हणतो, केळी काय म्हणतात ते बोलतो, आणि संध्याकाळच्या गाडीने कोरडे परत येतो. यात कोणाचा अपमान आहे ते मला कळत नाही. उलट कामिनीच्या सासूबाई, प्रमिलाबाई, चारचौघींत सांगतात की आमचे व्याही जुन्या वळणाचे आहेत.

मंदाबाईला विचारलं, पोरीला एवढं रागवायला झालं काय. ती भरीताची वांगी भाजत होती. म्हणाली, "तुम्हाले समजनार नाही ते." मग वांगी उलटली. भरीत चांगलं झालं होतं.

२१ जानेवारी, मंगळवार.

तोड सापडली.

निरोप समारंभाला डेपोतल्या मंडळींनी मला गिअरची सायकल दिली. गिअर एकवीस आहेत, मी दोन वापरतो. बाकीचे तसेच नवे आहेत. रोज सकाळी यावलपर्यंत जातो आणि येतो, त्याने साखर ताब्यात आहे असं डॉक्टर म्हणतात. आज सकाळी केळीचा एक ट्रक मला ओलांडून गेला, मागे ठळक अक्षरांत 'इंदौर' लिहिलेलं, आणि माझ्या डोक्यात आलं की सेंधव्याला सायकलवरच जावं.

विचार सोपा आहे. बसने आलेला बाप पाणी न पिता गेला, तर मुलगी रुसेल. पण जो बाप साठी ओलांडल्यावर चोपडा, शिरपूर करत, घाट चढून, दुसऱ्या राज्यात सायकलवर आला, त्याला कोणती मुलगी म्हणेल की पाणी पीत नाही म्हणून परत जा? कष्ट पाहूनच तिचा राग उतरेल. रीतही राहील आणि पोरगीही खूश.

दुसरंही एक आहे. साकळी, किनगाव, अडावद, चोपडा, हातेड, शिरपूर, हे थांबे मी माईकवरून इतक्यांदा म्हटलेत की झोपेत कोणी हलवलं तरी म्हणेन. पण एकाही थांब्यावर उतरून चहा प्यालेलो नाही. दुसऱ्यांना गाडीत बसवून पाठवण्यातच आयुष्य गेलं. आता आपण जाऊन बघू.

२८ जानेवारी, मंगळवार.

मंदाबाईला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की डेपोत विनातिकीट प्रवाशाकडे पण मी कधी तसं पाहिलं नसेल. "सेंधव्याले? सायकलवर?" एवढंच. मग बराच वेळ धान्य निवडत बसली.

माझ्यापुढे मात्र मोठा प्रश्न होता, तो सोडवला. पाण्याचं बंधन नेमकं कुठून धरायचं? आजोबा मुलीच्या गावची शीव लागली की तांब्याला हात लावत नसत. वडील अधिक कडक, ते तालुका धरत. माझी मुलगी तर राज्याबाहेर दिली. तेव्हा राज्याची सीमा धरणंच शोभेल, असं मी ठरवलं. पळासनेरपर्यंत महाराष्ट्र. तिथवर पोटभर प्यायचं. पुढे मध्य प्रदेशात फक्त इकडून भरून नेलेलं स्वतःचं पाणी. सायकलला बाटल्यांच्या दोन जागा आहेत, कॅरिअरवर आणखी दोन बांधेन.

मंदाबाई म्हणाली, "आन घाटात चक्कर आली तं?"

"तर बसेन जरा."

"खाली बसाल तं मध्य प्रदेशातच बसाल. ते चालते काय?"

बसण्याबद्दल आजोबांनी काही सांगितलेलं नाही.

हल्ली मंदाबाई फोनवर फार बोलते. मी आत गेलो की "बरं, ठेवते मग" म्हणते. भिशीतल्या बायकांचं काहीतरी बिनसलं असावं.

२ फेब्रुवारी, रविवार.

चौकात बातमी फुटली आहे. सायकल दुरुस्तीवाल्याकडे पंक्चर काढायला शिकायला गेलो, तर तिथे चारजण जमले. एक म्हणाला, "नाना, पंक्चर काढाले शिकू नका, टेम्पोवाल्याचा नंबर घ्या." मी हसलो, पण घरी येऊन मागचं चाक खोललं आणि दोन तासांनी बसवलं. एक नट उरला. तो कुठला, ते अजून सापडलेलं नाही. सायकल चालते आहे.

खरं सांगायचं तर भीती वाटते. रस्त्याची नाही, घाटाची. बिजासनच्या घाटात चांगल्या चांगल्या गाड्या तापून उभ्या राहिल्याचे फोन मी स्वतः घेतलेत. माझा डावा गुडघा जिना चढतानाही आवाज करतो. आणि पोहोचलोच, आणि कामिनी दारातच म्हणाली, की सांगितलं होतं ना येऊ नका, तर? मग सायकल वळवून परत यायची ताकद माझ्यात नसेल.

संध्याकाळी तिला फोन करून बेत सांगितला. मग तिने विचारलं, "हेल्मेट आहे का?" पाण्याचं नावही काढलं नाही. म्हणजे कष्टांचा गुण यायला लागला.

५ फेब्रुवारी, बुधवार. चोपडा.

पोहोचलो. बोटं इतकी आखडलीत की पेन धरवत नाही, पण लिहिणार.

सकाळी थंडी होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, ठिबकचं पाणी मुळाशी चाललेलं. यावल सुटल्यावर रोजच्या ठिकाणी सायकल आपोआप वळायला लागली, तिला सरळ धरली. एसटीच्या ज्या गाड्या गेल्या त्या सगळ्यांनी हॉर्न वाजवला. एका कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून "नाना, बरं आहे ना?" विचारलं आणि लगेच फोन कानाला लावला. नवी पोरं, पण जुन्या माणसाबद्दल आदर आहे.

किनगावला चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाला म्हणाला, "तुम्हीच नाना ना? बसा, चहा तयार आहे." मी त्याला जन्मात पाहिलेलं नाही. अडावदच्या स्टँडवर एका बाईने भाकरी आणि ठेच्याचं फडकं हातात ठेवलं, म्हणाली, जास्तीची झाली होती. भाकरी गरम होती. मी उगाच ऐकत होतो की आता माणुसकी राहिली नाही. रस्त्यावर उतरून बघावं लागतं.

मुक्काम रविंद्रकडे. हा पूर्वी माझ्याच डेपोत ड्रायव्हर होता, मग चोपड्याला बदलून आला. त्याने पाण्याचा सगळा प्रकार ऐकला आणि पोट धरून हसला. म्हणाला, "आमच्या बौद्धांच्या घरांत ही भानगड नाही, नाना. मी आमच्या पोरीकडे, शिल्पाकडे नाशिकला गेलो की आधी चहा मागतो. फिका असला तर तसं सांगतो पण."

त्याची बायको सविता वाढत होती. तिने विचारलं, "कामिनीच्या लग्नाला किती वर्षं झाली?"

"चार."

"दवाखाना वगैरे चालू आहे का तिचा?"

"ते बायकांना माहीत. मी काही विचारलं नाही."

ती वाढता वाढता थांबली. "मूल होईपर्यंत तुम्ही पाणी पिणार नाही, आणि दर वेळी सगळ्यांसमोर नाही म्हणणार. हो ना?"

"रीतच आहे तशी."

सविताने रविंद्रकडे पाहिलं, रविंद्रने ताटाकडे पाहिलं. मग तिने मला न विचारता आणखी एक भाकरी वाढली. बहुतेक मी थकलेला दिसत असेन.

६ फेब्रुवारी, गुरुवार. शिरपूर.

गुडघा सकाळी वाकायलाच तयार नव्हता. सविताने तेल गरम करून दिलं. तासाभराने तो तयार झाला आणि निघालो.

आज अनेर नदीच्या पुलावर थांबलो. अलीकडे जळगाव जिल्हा, पलीकडे धुळे. माझ्या नोकरीची हद्द इथे संपायची. पुढे गाडी बिघडली तर ती धुळ्याची डोकेदुखी, माझी नाही. पुलावर उभा राहून दोन्हीकडे पाहिलं. दोन्हीकडे कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्याच होत्या. तरी मला उगाच मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

पुलापलीकडे एक म्हातारी बोरं विकत बसली होती. नाव कमलबाई. इथून पुढे अहिराणी सुरू. मी बोरं घेतली आणि तिच्याच माठातलं पाणी प्यालो.

"कथा चालनात भाऊ, सायकलवर?"

म्हटलं, मुलीकडे, सेंधव्याला. मग बोलता बोलता पाण्याचंही निघालं. ती म्हणाली, "मना बाप बी पानी नही पे. मले पोर व्हवापावत सात वरीस गयात. तो ऊना का मी मांगना दारवाटे वावरमा पयी जाऊ." म्हणजे बाप आला की ही मागच्या दाराने शेतात पळून जायची.

मी विचारलं, "का? बापाला भेटायचं नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोरांवर आणखी एक ओंजळ टाकली. "कसाले सांगू तुले. तू बाप शे."

पूर्वीच्या मुली लाजाळू होत्या, हे खरं. आमची कामिनी तशी नाही, ती तोंडावर बोलते.

शिरपूरला स्टँडजवळ खोली घेतली. संध्याकाळी सेंधव्याच्या गाडीवरचा कंडक्टर भिकन शोधत आला. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "नाना, सकायले कव्हय निंघशात?"

"उजाडलं की."

"बरं, सांगी देस."

"कोणाला?"

"कोनलेच नही," म्हणाला आणि गेला.

आज झोप येईल असं वाटत नाही. उद्या घाट आहे, आणि घाटानंतर कामिनी आहे. दोहोंपैकी कोणाची भीती जास्त, ते सांगता येत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सेंधवा.

आज खूप लिहायचं आहे.

पळासनेरला ऊन तापायला लागलं होतं. एका हॉटेलच्या नळावर चारही बाटल्या भरल्या आणि मग पोटात मावेल तेवढं पाणी प्यालो. हॉटेलवाला म्हणाला, "भाऊ, पुढे बी पानी शे. मध्य प्रदेशमा नळ शेतस." त्याला काय सांगणार.

मग सीमा आली. 'मध्य प्रदेश आपका स्वागत करता है' अशी पाटी, बाजूला ट्रकांची रांग. मी पुढचं चाक मध्य प्रदेशात आणि मागचं महाराष्ट्रात ठेवून उभा राहिलो. एका सरदारजी ड्रायव्हरने फोटो काढून दिला. त्याने विचारलं, कुठून? म्हटलं, फैजपूर. कुठे? म्हटलं, बेटी के घर. त्याने पाठीवर अशी थाप मारली की मी सगळाच्या सगळा मध्य प्रदेशात गेलो.

घाट मी चढलो असं सांगितलं तर ते अर्धं खोटं होईल. अर्धा चढलो, अर्धा सायकल ढकलत चाललो. एकवीसच्या एकवीस गिअर वापरून पाहिले, घाट तेवढाच राहिला. एका वळणावर दगडावर बसलो. मंदाबाईचं बोलणं आठवलं, पण पाय ऐकेनात. तिथे भिकनची गाडी मागून आली, हळू झाली, आणि आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई ओरडून म्हणाली, "बठ्ठा चढी गयात नाना, थोडंसंच शे." सगळा चढून झालेला नव्हता, आणि उरलेला थोडासाही नव्हता. पण मी उठलो. देवीच्या देवळापाशी पुजाऱ्याने खोबऱ्याचा तुकडा दिला. घ्यावा की नाही, असा पेच पडला. शेवटी देवीचं घर म्हणजे लेकीचं सासर नव्हे असं ठरवून खाल्ला. पाणी मात्र बाटलीतलंच.

सेंधव्याच्या अलीकडे हितेंद्र स्कूटरवर उभे होते. म्हणाले, सहज इकडे आलो होतो. माझं नशीब बघा. ते पुढे आणि मी मागे असे गल्लीत शिरलो.

गल्ली भरलेली होती. फैजपूरहून सायकलवर आलेला माणूस बघायला बायका, पोरं, शेजारचा किराणावाला, सगळे. प्रमिलाबाईंनी ओवाळलं. मला ओसरीवरच्या खुर्चीत बसवलं, पंखा लावला. कामिनी दाराच्या चौकटीपाशी उभी होती. हातात काही नव्हतं. तिने वाकून नमस्कार केला, माझ्या गुडघ्यावरची धूळ झटकली आणि पुन्हा चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. माझा घसा पार कोरडा झाला होता. मी पिशवीतून पळासनेरची बाटली काढली आणि झाकण फिरवायला लागलो.

तेव्हा शेजारच्या सुगंधाबाई बोलल्या. बाई मायाळू आहे, एरवीही माझी चौकशी करत असते. म्हणाल्या, "बघा ना, एवढ्या उन्हातून बाप आला, आणि घरचं पाणी चालत नाही. देवाने आता तरी कामिनीकडे बघावं, म्हणजे नानांचं पाणी सुटेल."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. एक म्हणाली, "होईल, होईल." दुसरीने कुठल्यातरी डॉक्टरचं नाव सांगितलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळं प्रेमानेच चाललं होतं.

मी कामिनीकडे पाहिलं. ती कोणाकडेच पाहत नव्हती. तिचा एक पाय घरात गेला होता, पाठ अर्धी वळली होती, आणि नजर आतल्या अंधारातून मागच्या दाराकडे होती.

मला तेव्हा कळलं. इतके दिवस सगळे मला तेच सांगत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडत नव्हता. मी भार नको म्हणून कोरडा परत जायचो, आणि दर वेळी भर गल्लीत जाहीर करून जायचो की माझ्या मुलीला मूल नाही. मी गेल्यावर ही सगळी गर्दी तिच्या वाट्याला येत असणार. एवढं वाईट मला वडील गेले तेव्हा वाटलं होतं, नंतर आजच.

मी बाटलीचं झाकण लावलं आणि ती खुर्चीखाली ठेवली. म्हटलं, "कामिनी, पाणी आण."

प्रमिलाबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुमच्याकडे तर..."

"आमच्याकडे होतं. आजपासून नाही."

कामिनी आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. पेला भरताना अर्धं पाणी तिने ताटलीत सांडलं. मी पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. दुसरा घेतला. तिसऱ्याला ती म्हणाली, "हळू प्या बाबा, ठसका लागेल." ठसका लागलाच. तिने पाठीवर हात फिरवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

तेवढ्यात सुगंधाबाईंचा चेहरा फुलला. "म्हणजे गोड बातमी आहे? अगं, आम्हाला कोणी बोललं कसं नाही?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बायका पुढे सरकल्या. कामिनीचा हात माझ्या पाठीवर थांबला. आता गप्प बसलो तर उद्यापासून तिला दुसऱ्याच प्रश्नांना तोंड द्यावं लागेल. मी उभा राहिलो, गुडघा कुरकुरला, आणि म्हटलं, "बातमी काही नाही, सुगंधाबाई. मला तहान लागली होती म्हणून मी माझ्या मुलीच्या घरी पाणी प्यालो. आता जेवणार आहे. आणि चार दिवस राहणार आहे. मूल होवो न होवो, पुढच्या खेपेलाही जेवेन."

"बरं बाई," सुगंधाबाई म्हणाल्या. मग विचारलं, "शेवभाजी चालेल का? मी करून आणते." चांगली बाई आहे, म्हटलं ना.

जेवताना कामिनी पोळ्या लाटत होती आणि मी तिथेच पाटावर बसलो होतो. तिने लाटणं न थांबवता सांगितलं, की आम्ही येऊन गेलो की आठवडाभर कोणी ना कोणी विचारायला यायचं.

म्हटलं, "मला सांगायचं ना."

"सांगितलं होतं, बाबा. पाणी पिणार असाल तर या, असं."

मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, गरम आहे तोवर खा.

संध्याकाळी मंदाबाईला फोन केला. म्हटलं, "मी पाणी प्यालो." लगेच पुढचंही सांगून टाकलं. म्हटलं, "जेवलो पण."

"काय होतं?"

"शेवभाजी."

"सकायच्या गाडीनं येते मी," ती म्हणाली.

"तू? अगं, मग तुझ्या नियमाचं काय?"

"माहा कधी होता? तुमचा होता तो."

८ फेब्रुवारी, शनिवार. सेंधवा.

सगळं अंग ठणकतंय. हितेंद्र म्हणाले, सायकल एसटीच्या टपावर टाकून पाठवू. म्हटलं, बघू. गल्लीतल्या पोरांनी सकाळपासून तिच्या घंटीचा जीव घेतलाय.

दुपारी मंदाबाईला घ्यायला स्टँडवर गेलो. शिरपूरला गाडी बदलून ती भिकनच्या गाडीने आली. भिकनने तिची पिशवी उतरवून दिली आणि म्हणाला, "वहिनी, तुमना बठ्ठा निरोप पोचाडात बरं." तिने त्याला डोळ्याने गप्प केलं. कसले निरोप, ते विचारायचं राहून गेलं.

तिने नवी साडी नेसली होती. रस्ताभर माझा गुडघा कसा आहे हेही विचारलं नाही. इतकी भरभर चालत होती की मीच मागे पडलो.

घरी पोहोचलो तर प्रमिलाबाई ओसरीवर चटई टाकत होत्या. मंदाबाई ओसरीवर चढलीच नाही. अंगणात, चपला पायात तशाच, उभी राहिली आणि म्हणाली, "कामिनी, पाणी आन."

जावईबापू तांब्या घेऊन पुढे झाले. तिने त्यांच्याकडे हसून पाहिलं, पण हात पुढे केला नाही. मग कामिनीने तो तांब्या त्यांच्या हातातून घेतला. मंदाबाईने पेला घेतलाच नाही. मान वर करून तांब्याचीच धार वरून तोंडात धरली आणि पीत राहिली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून नव्या साडीवर चाललं होतं, तरी थांबली नाही. सुगंधाबाई त्यांच्या दारातून बघत होत्या, किराणावाला बघत होता. तांब्या रिकामा झाला, तेव्हा तिने तो कामिनीच्या हातात दिला आणि पदराने तोंड पुसलं.

"बोरिंगचं आहे काय गं?" तिने विचारलं. "खारं लागते."

कामिनी हसायला लागली. हसता हसताच रडायला लागली, आणि रडतच म्हणाली, "बोरिंगचंच आहे, आई. मी आले तेव्हापासून हेच आहे."

मी काल तीन पेले प्यालो होतो. पाणी खारं आहे, हे मला कळलंच नव्हतं.